वकीलअप्पांची डावी बाजू

कुणी माझ्यासमोर आपल्या ऐश्वर्याचा पाढा वाचायला लागलं, की माझ्या तोंडून अजून निघून जातं, "बरं, आणि डावी बाजू?" समोरचा गोंधळतो. भावाच्या सुना एकमेकींकडं बघतात. आत्याबाईंचं वय झालं, असं त्यांना वाटत असणार. वाटू दे बापडं. हा प्रश्न माझा नव्हे, आमच्या सोलापूरच्या घरमालकांचा आहे, आणि तो विचारायचा हक्क मला फुकट मिळालेला नाही.

गाव त्यांना वकीलअप्पा म्हणे. सनद होती, काळा कोट होता, पण आम्ही त्यांच्या घरात राहायला गेलो त्याआधीच त्यांनी कोर्टाची पायरी सोडली होती. का सोडली, असं विचारलं तर म्हणायचे, "कोर्टात दोन्ही बाजू खोटं बोलतात आणि शेवटपर्यंत जुळत नाहीत. ताळेबंदात खोटं बोलायचं असलं तरी दोन्ही बाजू जुळवाव्या लागतात. तेवढी तरी शिस्त!" वळसंगला जमीन होती, तिकडून ज्वारी यायची. वरच्या दोन खोल्यांचं भाडं आमच्याकडून यायचं. एवढ्यावर त्यांचा संसार चाले, आणि उरलेला सगळा वेळ कंपन्यांचे ताळेबंद वाचण्यात जाई.

सोलापुरातल्या झाडून सगळ्या गिरण्यांचा त्यांच्याकडं एकेक शेअर होता. एकच. दुसरा कुणी फुकट दिला असता तरी घेतला नसता. एक शेअर असला की वर्षाकाठी छापील ताळेबंद घरपोच येतो आणि सभेत उभं राहून प्रश्न विचारता येतो, माणसाला याहून जास्त काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गिरणीवाले त्यांना टरकून असत. सभेला अप्पा आलेले दिसले की भज्यांची बशी आधी त्यांच्यापुढं जायची. भजी खाऊन, हात पुसून, ते प्रश्न विचारायचेच.

ताळेबंद टपालानं आला म्हणून लगेच फोडायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि मग पोथी ठेवायच्या चौरंगावर तो उघडायचा. तोही मागून. आधी हिशेबतपासनिसाचा दाखला, मग बारीक टायपातल्या टिपा, मग आकडे. अध्यक्षांचं भाषण पुढच्या पानांवर असे. ती पानं टर्रकन फाडून बायकोकडं द्यायचे आणि म्हणायचे, "घे, शेंगाचटणी बांधायला." त्यांच्या बायकोला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वांच्या हातची शेंगाचटणी अख्ख्या गल्लीत वाटली जायची, त्यामुळं गिरण्यांच्या अध्यक्षांचे विचार सोलापुरात तेल पिऊन घरोघर पोचलेले होते.

आकडे वाचून झाले की कोट चढवून स्वारी बाहेर पडे. गिरणीच्या भिंतीकडेनं चालायचं, कोळशाचा ढीग केवढा आहे बघायचा, गोदामाच्या दारातल्या हमालाला तंबाखू द्यायची आणि गठ्ठे जातायत की नुसते येतायत ते विचारायचं. तिथनं पेठेत. गिरणीनं शिल्लक धोतराला ताळेबंदात जो भाव लावला असेल, तो बाजारात मिळतोय का, हे दुकानोदुकानी पारखायचं. तासभर घासाघीस करायची आणि एक पंचाही घ्यायचा नाही. कापडवाले त्यांना बघून गिऱ्हाइकाची गादी उचलून ठेवायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

आता आमचं सांगते. माझे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. ते गेले तेव्हा भाऊ शाळेत होता आणि मी नुकतीच मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. पगार म्हणजे मिठाला आला तर मिरचीला नाही, असा. त्या काळी गिरण्या लोकांकडून ठेवी घेत. बँकेपेक्षा व्याज जास्त, आणि गिरणी डोळ्यांसमोर, तिचा भोंगा रोज कानावर. विश्वास बसायला आणखी काय लागतं? आईनं वडिलांच्या फंडाचे सगळे पैसे एका गिरणीत ठेवले होते. त्या व्याजावर आमची चूल पेटे आणि त्याच पैशांवर भावाला पुढं पुण्याला शिकवायचं आईनं ठरवलं होतं. दुसरं आमच्याकडं काही नव्हतं. अगदी काही नव्हतं.

एकदा मी भाडं द्यायला खाली गेले, तर अप्पा चौरंगापुढं बसलेले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "मास्तरीण, तुमच्या गिरणीचा राखीव निधी कुठं असतो?"

"तिजोरीत," मी म्हटलं. मला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

अप्पा जे हसायला लागले! डोळ्यांतून पाणी. "अय्यो शिवा! अगं, ऐकलंस का, तिजोरीत!" अव्वा आतून पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या आणि त्यांनाही काय झालं ते कळेना. मला राग आला. पण मी ताळेबंदात बोट ठेवून दाखवलं, की हा बघा, एवढा मोठा निधी लिहिलाय, मग तो तिजोरीत नाही तर कुठं असेल?

"नोडव्वा, हे बघ," ते म्हणाले. रंगात आले की त्यांचं कानडी वर यायचं. "कुठल्या बाजूला लिहिलाय?"

"डाव्या."

"डावी बाजू म्हणजे पैसा कुणाचा आला ते. भागीदारांचा, ठेवीदारांचा, मागच्या नफ्यातला राखून ठेवलेला. त्या पैशाचं पुढं काय झालं, ते उजव्या बाजूला बघायचं." मग त्यांनी वर, आमच्या खोल्यांकडं बोट केलं. "माझ्या आईच्या पाटल्या होत्या, चांगल्या जाडजूड. त्या मोडून तिनं वरच्या खोल्या बांधल्या. म्हातारी मरेपर्यंत लोकांना सांगायची, 'माझ्या पाटल्या हायत की!' खोटं नव्हतं बोलत. होत्या. त्या भिंतीत होत्या. पण रात्री चोर आला असता तर त्याला सापडल्या नसत्या, आणि सकाळी सावकार आला असता तर तिला देता आल्या नसत्या. निधी हाय, पण तो भिंत झालाय. कळलं?"

कळलं. आणि असं कळलं की मी भाडं तिथंच ठेवून खाली बसले. शाळेत मी बेरजा-वजाबाक्या शिकवत होते, पण आकड्यामागं भिंत असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी मी त्यांच्या ओसरीवर. इंग्रजी मला वडिलांकडून आलेलं, मालधक्क्यावरच्या पावत्यांपुरतं. बाकीचं त्यांनी शिकवलं. यंत्रांची झीज धरली की नाही, ते आधी बघ. ती धरली नाही तर नफा म्हणजे घराची कौलं विकून केलेली दिवाळी. गिरणी चालवणाऱ्या शेठजींनी गिरणीचा पैसा स्वतःच्या पेढीला उसना दिलाय का, ते उजव्या बाजूला शोध. लाभांश कमी केला म्हणून लोक बोंबलतात, तिथं थांब आणि विचार कर, कमी केला ते शहाणपण असेल. चुकले तर त्यांची जीभ तिखट. "मास्तरीण, तू पोरींना काय शिकवतेस गं? गाणी?" असं ते सरळ म्हणायचे. मला रडू यायचं, पण पुढच्या रविवारी मी हजर. त्या माणसाची मला खरोखर भूल पडली होती. चार पानांच्या कागदावरून भिंतीपलीकडची गिरणी त्यांना दिसायची, आणि हळूहळू मलाही तिचा आवाज यायला लागला होता.

त्याच सुमाराला मला बघायला मंद्रूपकडची मंडळी आली. आईनं मोठं माणूस म्हणून अप्पांना बसवून घेतलं. हौसेनं बसवलं आणि जन्मभर पस्तावली. मुलाचे वडील सांगत होते, एवढी जमीन, एवढी जनावरं, दारात नवा छकडा, सोनं इतकं. अप्पा मान डोलावत ऐकत होते. सगळं संपल्यावर म्हणाले, "ही झाली उजवी बाजू. डावी कुठाय?"

"म्हंजे?"

"म्हणजे हे सगळं कुणाच्या पैशानं हाय? तुमच्या, का सावकाराच्या?"

मंडळी पोहे अर्धे टाकून उठली. आई पंधरवडाभर अप्पांशी बोलली नाही. पुढं कळलं की जमीन, जनावरं, तो नवा छकडासुद्धा गहाण होता. आई त्यानंतरही बोलली नाही, उलट जास्तच चिडली. लग्न मोडलं ते मोडलं, वर त्यांचं बरोबर निघालं! मी मात्र आतून खूश होते.

भाड्याच्या बाबतीत अप्पा कुणाच्या बापाचं ऐकत नसत. महिना उलटला की जिन्याखालून हाक यायची, "मास्तरीण, भाडं!" शिकवणीचं नातं वेगळं, भाडं वेगळं. आई म्हणायची, "शिकवतो फुकट आणि भाडं घेतो रडवून. कसला हा माणूस!"

मग तो वाईट हंगाम आला. कापडाला उठाव नव्हता, आणि अशात एका बाजारच्या दिवशी बातमी फुटली, की आमच्या गिरणीच्या शेठजींची मुंबईची पेढी बसली. दुपारपर्यंत गिरणीच्या फाटकाशी ठेवीदारांची ही गर्दी. पेन्शनर, मास्तर, विधवा बायका, तेलुगू विणकर, गिरणीतलेच जॉबर, म्हणजे मुकादम. पहिल्या काही जणांचे पैसे मिळाले, मग खिडकी बंद झाली. ज्यांची मुदत भरेल त्यांचेच पैसे मिळतील, तेही सवडीनं, असं मॅनेजर सांगायला लागला. झालं! लोक ओरडायला लागले, "राखीव निधी आहे ना एवढा? तिजोरी उघडा!"

आमच्या पावतीची मुदत नेमकी त्याच दिवशी भरत होती. आईनं चप्पल पायात घातली होती. मी तिला म्हटलं, जरा थांब, अप्पांना विचारते, आणि धावत खाली गेले.

"अप्पा, काय करू? काढू का ठेवू?"

अप्पा सुपारी कातरत होते. "मला काय विचारतेस? वाचता येतं ना? वाच."

"अप्पा, ही थट्टेची वेळ नाही! आमचं सगळं त्यात आहे!"

"म्हणून तर म्हणतो, वाच. पैसा तुमचा, ठरवणार तुम्ही." आणि आतून मागच्या काही वर्षांचे ताळेबंद आणून त्यांनी माझ्यापुढं टाकले. आणि परत अडकित्ता उचलला. मला त्यांचा संताप आला. एवढं शिकवलं, आणि ऐन वेळी माणूस सुपारी कातरत बसतो!

पण वाचलं. दुपार कलेपर्यंत ओसरीवर बसून मागून पुढं, ओळन् ओळ वाचलं. झीज दरवर्षी धरलेली होती, वाईट वर्षातही. लाभांश कमी केला होता. शिल्लक कापडाला लावलेला भाव पेठेतल्या भावाच्या खालीच होता, तो मी अप्पांबरोबर हिंडून स्वतः ऐकलेला. आणि मुख्य म्हणजे, शेठजींच्या पेढीकडून गिरणीचं येणं काही नव्हतं. बुडालेल्या पेढीत आमच्या गिरणीचा पैसा अडकलेला नव्हता. मला हायसं वाटलं. मग मी डाव्या बाजूच्या ठेवी बघितल्या, उजव्या बाजूची रोकड बघितली, आणि पुन्हा एकदा बघितली. सगळे एकदम मागायला आले तर एवढी रोकड कुठल्याच जगात पुरणार नव्हती. ठेवींचे माग झाले होते. गिरणी बुडालेली नव्हती, पण आम्ही सगळे मिळून ती आज-उद्यात बुडवू शकत होतो.

"काय दिसलं?" अप्पांनी विचारलं. मी सांगितलं.

"बरोबर," ते म्हणाले. "पण हा ताळेबंद म्हणजे कडक भाकरी. टिकते, पण आज भाजलेली नव्हे. मधल्या महिन्यांत काय झालं ते त्यात नाही. आता बोल, काढणार का ठेवणार?"

"ठेवणार," मी म्हटलं. आवाज माझाच होता का, कुणास ठाऊक.

आईला सांगितलं तेव्हा तिनं पायातली चप्पल काढली. ट्रंकेतून पावती काढली आणि माझ्या हातात कोंबली. "त्यांच्या सगळ्या नोकरीचा हा एवढाच कागद उरलाय. तू शिकलीस ना? घे. तार नाहीतर मार." आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

मी खाली आले तर अप्पांनी कोट चढवलेला, पटका बांधलेला. आत अव्वांशी काहीतरी बोलत होते. मला बघून म्हणाले, "चल."

फाटकावर त्यांनी मॅनेजरला काय दम दिला कोण जाणे. एक शेअर असला तरी मी मालक आहे, फाटक उघड, असलं काहीतरी. फाटक उघडलं आणि अप्पा त्या सगळ्या जमावाला घेऊन थेट माग चालू असलेल्या खात्यात शिरले. मी गिरणीत पहिल्यांदाच गेले होते. कान फुटतील असा खडखडाट, हवेत कापसाची भुकटी, आणि नजर जाईल तिथवर माग. बोललेलं ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. अप्पा नुसते एकेका मागावर थाप मारत पुढं चालले होते आणि ठेवीदारांकडं वळून बघत होते. मी घाबरले होते, पण डोळे माझे त्यांच्यावरून हलत नव्हते. एरवी पंच्यासाठी घासाघीस करणारा हा माणूस त्या मागांमधून स्वतःच्या शेतातून हिंडावं तसा हिंडत होता.

बाहेर अंगणात येऊन ते म्हणाले, "बघितलात राखीव निधी? हाच. तिजोरीत काही नाही. तुमच्या ठेवीही ह्याच. ज्याला पाहिजे त्यानं आपला वाटा उचलून घरी न्यावा."

एक म्हातारा विणकर म्हणाला, "येवढा माग घरी न्हिऊन काय करू, वकीलअप्पा? माजं दार बारकं हाय की!" लोक हसले. मग अप्पांनी आईच्या पाटल्यांची गोष्ट सांगितली. भिंत पाडली तर पाटल्याही मिळत नाहीत आणि खोलीही राहत नाही, हे ऐकताना मघाशी ओरडणारे माना डोलावत होते. मला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात मागून एक जॉबर पुढं आला. तावातावानं म्हणाला, "तुमचं काय जातंय हो अप्पा? तुमचा एक शेअर! आमची पोरींच्या लग्नाची पुंजी हाय हितं. दुसऱ्याला डावी बाजू इचारता, तुमची डावी बाजू दावा की!"

प्रश्न बिनतोड होता आणि तो अप्पांचाच होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. भर सभेत कुणाचं न ऐकणारा माणूस, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. खाली बघून कोटाची गुंडी चाचपत राहिले. मला त्यांच्यासाठी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझं जातंय," मी म्हटलं. सगळे वळले. "माझ्या वडिलांचा सगळा फंड आहे यात. आज मुदत भरली. मी वाचलंय आणि मी ठेवतेय." आणि खिडकीशी गेले, बंद खिडकीवर टकटक केलं आणि कारकुनाला म्हटलं, एक वर्षासाठी परत ठेवून घ्या. शिक्का मारल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

तो म्हातारा विणकर माझ्या मागं उभा राहिला. म्हणाला, "व्हय बाई, माजीबी ठेवा. घरात जागा न्हाय मागाला." मग आणखी काही जण. सगळे नव्हेत. पण संध्याकाळपर्यंत फाटकाशी गर्दी पातळ झाली, आणि पुढच्या आठवड्यात ज्यांना पाहिजे होते त्यांना पैसे मिळायला लागले. गिरणी तरली. आमचं व्याज वेळेवर आलं, ठेव पै न् पै परत मिळाली, आणि भाऊ पुण्याला शिकला.

त्या संध्याकाळी अप्पांबरोबर घरी परतले. शाबासकी नाही, काही नाही. जिना चढताना खालून हाक आली, "मास्तरीण, भाडं राहिलंय!" आईनं वरून ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

अप्पा गेले तेव्हा मी करकंबच्या शाळेत होते. कळायलाच उशीर झाला. सुट्टी काढून आले ती थेट अव्वांकडं. त्या ओसरीवर शेंगा निवडत होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग माझ्या मनात इतकी वर्षं सलत असलेलं मी बोलून गेले. म्हटलं, अव्वा, त्या दिवशी त्या जॉबरनं भर अंगणात अप्पांना डावी बाजू विचारली आणि अप्पा गप्प राहिले. ते मला फार लागलं होतं.

अव्वांनी हातातली शेंग सुपात टाकली. "गप राहनारच की. सांगायचं नव्हतं त्यांना." मग त्या पुढं म्हणाल्या, "कोट घालताना मला आत बोलवून म्हनले, 'गिरणी बुडाली तर वळसंगची विहिरीकडची जमीन इकायची आन् मास्तरणीच्या आईचा फंड पुरा करायचा. वरच्या खोल्या तिला जल्मभर, भाडं न्हाय. पोरगी माझ्या शिकवन्यावर पैसे टाकायला निघालीय. ते देणं माझ्या डाव्या बाजूला आलं.' माझ्याकडनं शपथ घेतली, की कुनाला बोलायचं न्हाय."

विहिरीकडची जमीन म्हणजे त्यांची सगळी ज्वारी. दुसरं त्यांच्याकडंही काही नव्हतं. मी विचारलं, "पण मला तरी आधी सांगायचं! त्या ओसरीवर मी कशी बसले होते, माझं मला माहीत."

"म्याबी तेच म्हनलं," अव्वा म्हणाल्या, आणि त्यांनी निवडलेल्या शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं. "तर म्हनले, आधी सांगितलं असतं तर तिनं ताळेबंद वाचलाच नसता."